काँक्रीट पंपातले पाणी संध्याकाळीच काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा संपला की महाराष्ट्रात स्लॅबची कामे जोरात सुरू होतात. काँक्रीट पंपाच्या दृष्टीने आपला हिवाळा हा वर्षातला सर्वांत सोपा काळ असतो: लाइन (काँक्रीट वाहून नेणारे पाइप) चोक होण्याचे प्रमाण कमी, तेल तापत नाही, माणसेही थकत नाहीत. त्याच महिन्यांत लडाख, काश्मीर आणि हिमाचलातल्या बोगद्यांच्या व पुलांच्या कामांवर महाराष्ट्रात वापरलेले पंप आणि इथेच हात बसलेले ऑपरेटर जातात. झोजिला खिंड साधारण ११,५७५ फुटांवर आहे, शिंकू ला खिंडीखालचा बोगदा १५,८०० फुटांच्या आसपास. द्रासला रात्रीचा पारा उणे २० च्याही खाली जातो. तिथे पंपाचे जे नुकसान होते ते बहुतेक टाळता येण्यासारखे असते. पंपांच्या देखभालीत असलेल्या आम्हा काही जणांना त्याबद्दल ठेकेदार, साइट इंजिनिअर आणि ऑपरेटर या तिघांनाही काही सांगायचे आहे, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे निफाडचा पारा ५ अंशांवर आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि पेपरात बातमी येते. भारतीय मानक ७८६१ च्या दुसऱ्या भागानुसारही ५ अंशांखालचे काँक्रीटिंग हे थंड हवामानातले काँक्रीटिंग ठरते. पण ते मानक काळजी घेते काँक्रीटची. पंपाच्या पोटात उरलेल्या पाण्याचे काय करायचे हे यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत असते. ती पुस्तिका इंग्रजीत असते, ऑफिसच्या कपाटात असते, आणि पंपावरचा माणूस ती पाहतही नाही. शिवाय निफाडच्या थंडीत पाणी गोठत नाही, त्यामुळे इथे दहा वर्षे पंप चालवलेल्या माणसालाही पाणी पूर्ण काढण्याची सवय लागलेली नसते. ‘धुतला, बंद केला, निघालो’ हा आपला क्रम. वर हिमालयात तो चालत नाही.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. उघड्या भांड्यात ते वर सरकते आणि काही बिघडत नाही. बंद जागेत, म्हणजे बॉल व्हॉल्व्हच्या पोटात, पाण्याच्या पंपाच्या बिडाच्या घरात, कूलरच्या नळ्यांत, त्याला जायला वाट नसते आणि धातू तडकतो. तडक गेल्याचे तेव्हा कळतही नाही, कारण बर्फच ती बुजवून बसलेला असतो. दुपारी ऊन आले, बर्फ वितळला, की धार लागते आणि मग शोधाशोध सुरू होते.

सर्वांत महाग नुकसान मात्र वॉटर बॉक्सचे. हायड्रॉलिक सिलिंडर आणि काँक्रीट सिलिंडर यांच्या मधली ही पाण्याची पेटी. पिस्टन रॉड थंड ठेवणे, मागून आलेली सिमेंटची घाण धुणे आणि काँक्रीट पिस्टनच्या रबराला ओलावा देणे ही तिची कामे. रात्रभर तिच्यात पाणी राहिले तर सकाळी तिथे बर्फाचा ठोकळा असतो. पेटी उघडीच असल्याने ती स्वतः क्वचितच फुटते. मोडतोड होते ती पंप सुरू केल्यावर. हायड्रॉलिकचा दाब बर्फ ओळखत नाही, तो रॉड पुढे ढकलतो. मग पिस्टनची जोडणी तुटते, रॉड वाकतो, सील फाटतात आणि तेल पेटीत उतरते. त्या उंचीवर रॉड आणि सिलिंडर मागवायचे म्हणजे रस्ता उघडा असेल तर काही दिवस, बंद असेल तर त्याहून कितीतरी जास्त.

म्हणून शिफ्ट संपताना पाणी काढण्याचा क्रम ठरलेला असावा. आमचा आग्रह असा की सर्वांत बारीक पाण्यापासून सुरुवात करावी. अर्ध्या इंची धुण्याच्या होजमधले पाणी उणे १० अंशांत, वारा असेल तर, जेवणाच्या सुट्टीतही गोठते. वॉटर बॉक्सला काही तास लागतात. प्रत्यक्षात लोक मोठ्या पेटीपासून सुरुवात करतात आणि धुण्याच्या गनपर्यंत पोचेपर्यंत ती कडक झालेली असते.

धुणे झाले की गन आणि होज सोडवून, होज उंच धरून रिकामा करावा आणि दोन्ही वस्तू केबिनमध्ये न्याव्यात. मग पाण्याच्या टाकीचा ड्रेन उघडावा, सक्शन फिल्टरची वाटी काढून ठेवावी आणि पाण्याचा पंप काही सेकंद कोरडा फिरवून आतले पाणी बाहेर फेकू द्यावे. किती सेकंद, ते पुस्तिकेत पाहावे, कारण जास्त वेळ कोरडा फिरवला तर त्याचे सील जळतात. सगळे बॉल व्हॉल्व्ह अर्धे उघडे, म्हणजे दांडा ४५ अंशांत, ठेवावेत. पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवला तर गोळ्याभोवतीच्या पोकळीत चमचाभर पाणी अडकते आणि तेवढेच व्हॉल्व्ह फोडायला पुरते. काही जुन्या पंपांत हायड्रॉलिक तेल पाण्याने थंड करणारा कूलर असतो, त्याचेही पाणी विसरू नये. त्याची नळी आतून फुटली तर पाणी थेट तेलात जाते, तेल दुधाळ होते आणि सगळी सिस्टिम धुवावी लागते.

नंतर हॉपर, म्हणजे काँक्रीट ओतायची पेटी. खालचा दरवाजा उघडून, कमीत कमी पण कोमट पाण्याने धुवावा. एस-व्हॉल्व्ह, म्हणजे दोन सिलिंडरांपुढे आळीपाळीने फिरणारा वाकडा पाइप, दोन्ही बाजूंना पाच-सहा वेळा फिरवावा, म्हणजे त्याच्या वळणात साचलेले पाणी निघते. दरवाजाच्या कडेला काँक्रीटचा कण राहिला की तिथे पाणी थांबते आणि सकाळी दरवाजा चिकटलेला सापडतो. कडा पुसून ग्रीसचा हात फिरवावा. अ‍ॅजिटेटरच्या (काँक्रीट ढवळणाऱ्या पात्यांच्या) आणि एस-व्हॉल्व्हच्या बेअरिंगांना धुण्याच्या आधी नव्हे, धुऊन झाल्यावर ग्रीस द्यावे. नवे ग्रीस आत शिरलेले पाणी बाहेर ढकलते.

शेवटी वॉटर बॉक्स. खालचे झाकण किंवा प्लग उघडावा आणि पंप अगदी हळू चालवून काही स्ट्रोक द्यावेत, म्हणजे पिस्टनच्या मागे सिलिंडरमध्ये उरलेले पाणीही पेटीत येऊन वाहून जाते. नुसता प्लग उघडून निघून गेले तर ते तिथेच राहते. झाकण रात्रभर उघडेच ठेवावे आणि किल्लीला ‘वॉटर बॉक्स रिकामा’ असा पत्रा अडकवावा. हा पत्रा फालतू वाटतो, पण सकाळच्या शिफ्टचा माणूस वेगळा असतो. पेटीत पाणी नसताना पंप जोरात चालला तर रॉड आणि रबर तापून जातात. गोठण्यातून वाचवलेला पंप मग कोरडा जाळला जातो.

पाणी गोठू नये म्हणून पेटीत काय काय घातले जाते यावर वेगळे लिहावे लागेल. मीठ किंवा कॅल्शियम क्लोराइड मुळीच नको. पिस्टनच्या रबरापलीकडे थोडे पाणी काँक्रीटमध्ये जातेच, त्यातले क्लोराइड सळईला गंजवते, आणि रॉडच्या क्रोमवरही खड्डे पडतात. डिझेल किंवा रॉकेल ओतणारेही आहेत. त्याने रबर फुगते आणि काँक्रीट खराब होते. इंजिनचा कूलंट, म्हणजे ग्लायकॉल, विषारी आहे आणि शेवटी जमिनीत नाहीतर नाल्यात जातो. काम चालू असताना साधे पाणी आणि पुस्तिकेत परवानगी असेल तर थोडे सोल्युबल ऑइल, काम बंद असताना रिकामी पेटी, यापलीकडे काही लागत नाही.

पाइपलाइनकडे वळू. १२५ मिमी व्यासाच्या पाइपमध्ये मीटरला सव्वाबारा लिटर मावते, म्हणजे ३ मीटरच्या एका पाइपात सुमारे ३७ लिटर आणि १०० मीटर लाइनमध्ये सव्वा घनमीटर. एवढे पाणी लाइनमध्ये घालून धुवायचे आणि मग ते बाहेर काढायचे, हे उणे तापमानात स्वतःहून ओढवून घेतलेले दुखणे आहे. आडवी आणि छोटी लाइन असेल तर टोकाला ओला स्पंज बॉल घालून पंप रिव्हर्स चालवावा. काँक्रीट हॉपरमध्ये परत येते आणि पाणी जवळपास लागतच नाही. लांब लाइन पाण्यानेच धुवावी लागली तर नंतर दुसरा कोरडा बॉल घालून लाइन निथळवावी. लाइन टाकतानाच मीटरला सेंटिमीटरभर उतार द्यावा आणि सर्वांत खालच्या जागी सहज उघडता येईल असा क्लॅम्प ठेवावा. उभ्या लाइनच्या तळाशी गेट व्हॉल्व्ह असेल तर तो उघडा ठेवावा, नाहीतर वरचे सगळे पाणी त्याच्यावर उभे राहते. टोकाचा रबर होज काढून, रिकामा करून, आत न्यावा. थंडीत कडक झालेला होज सकाळी वाकवला की आतली तार तुटते.

कॉम्प्रेसरच्या हवेने लाइन साफ करणाऱ्यांसाठी: टोकाला बॉल पकडणारी जाळी बसवलेली असावी, रबर होज काढलेला असावा, तोंडासमोर कोणी उभे राहू नये आणि दाब शून्यावर आल्याशिवाय एकही क्लॅम्प उघडू नये. आणि लाइनमध्ये बर्फ असल्याची नुसती शंका असली तरी हवा लावूच नये. बर्फाचा गठ्ठा सुटला की तो पाइपमधून तोफगोळ्यासारखा येतो. गोठलेली लाइन क्लॅम्प सोडून पाइप-पाइपने वेगळी करावी आणि प्रत्येक पाइप उघड्या तोंडाकडून आत असा वितळवावा. मधेच गॅसचा टॉर्च लावला आणि दोन्ही तोंडे बर्फाने बंद असली तर आत वाफ कोंडते आणि पाइप फुटतो. क्लॅम्प परत बसवताना खाचेतला बर्फ तारेच्या ब्रशने काढावा. अर्धवट बसलेला क्लॅम्प रिकाम्या लाइनवर धरून राहतो आणि दाब चढला की उघडतो. त्या दाबाखाली क्लॅम्पजवळ उभा असलेला हेल्पर वाचेल याची खात्री नाही.

सकाळचे काम संध्याकाळपेक्षा सोपे असते, अडचण असते ती घाईची. ट्रान्झिट मिक्सर येऊन उभा असतो आणि इंजिनिअर घड्याळ पाहत असतो. तरीही किल्ली खिशात ठेवूनच वॉटर बॉक्सचे झाकण आणि हॉपरची जाळी उचलून आत पाहावे. बर्फ दिसला तर हातोडा नको. एस-व्हॉल्व्हची वेअर प्लेट आणि कटिंग रिंग यांवरचा कठीण थर ठोकल्याने किंवा टॉर्चच्या एकाएकी उष्णतेने तडकतो, आणि हायड्रॉलिक होजजवळ उघडी ज्योत आणणे तर मूर्खपणाच. ४०–५० अंशांचे कोमट पाणी, वाफ किंवा ताडपत्रीखाली गरम हवा सोडणारा ब्लोअर वापरावा. ब्लोअर असा असावा की त्याचा धूर वेगळ्या नळीने बाहेर जाईल. बंद ताडपत्रीत साध्या शेगडीचा किंवा बुखारीचा धूर कोंडला तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस जातो, आणि तो गेल्याचे शेजारच्यालाही कळत नाही.

बोगद्याच्या कामावर एक सोय हाताशी असते, ती फार कमी वापरली जाते. तोंडापासून बरेच आत तापमान सहसा शून्याच्या वर असते. रात्री पंप आत लावून ठेवला तर अर्धा त्रास संपतो. तोंडाजवळ नको, तिथे वाऱ्याचा झोत बाहेरपेक्षा वाईट.

तेलाचे गणित वेगळे आहे. महाराष्ट्रात सर्रास वापरले जाणारे ४६ नंबरचे हायड्रॉलिक तेल शून्य अंशाला ४० अंशांपेक्षा दहापटीहून जास्त घट्ट असते. असे तेल सक्शनमधून पुरेसे येत नाही, पंप खडखडतो, त्याच्या आत पोकळ्या तयार होऊन पृष्ठभाग खरवडले जातात. वर जाणाऱ्या पंपात ३२ नंबरचे किंवा निर्मात्याने थंडीसाठी सांगितलेले तेल घालावे. त्यानंतरही इंजिन कमी वेगावर, भाराशिवाय चालवून तेल निदान २० अंशांवर येऊ द्यावे, मग कोरडे हळू स्ट्रोक द्यावेत, मग काम. सेंट्रल ल्युब्रिकेशनमधले २ नंबरचे ग्रीस थंडीत नळ्यांत अडकते. ० किंवा ०० नंबरचे लागते. अ‍ॅक्युम्युलेटरमधल्या, म्हणजे तेलाचा दाब साठवणाऱ्या बाटलीतल्या, नायट्रोजनचा दाब ३० अंशांना भरला असेल तर उणे २० ला तो सुमारे एक षष्ठांशाने उतरलेला दिसतो आणि एस-व्हॉल्व्ह सुस्त फिरतो. लगेच गॅस भरून घेऊ नये. तेल तापल्यावर पुन्हा तपासावे, बहुतेक वेळा तक्रार तिथेच मिटते.

इंजिनबद्दल थोडक्यात. आपल्याकडे रेडिएटरमध्ये नुसते पाणी घातलेले पंप आजही दिसतात. असा पंप वर गेला तर ब्लॉक फुटतो. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत टिकते, एक तृतीयांश ग्लायकॉल जेमतेम उणे १७–१८ पर्यंत. रंगावरून अंदाज करू नये, रिफ्रॅक्टोमीटरने मोजावे. डिझेलमध्ये थंडीत मेण धरते. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी आणलेले हिवाळी डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते, पण पठाणकोटला भरलेले साधे डिझेल टाकीत घेऊन वर चढलेल्या पंपाला त्याचा काय उपयोग? चढण्याआधी टाकी रिकामी करावी, फिल्टर बदलावा. रोज संध्याकाळी टाकी भरून ठेवावी म्हणजे आत दव धरत नाही, आणि वॉटर सेपरेटर रिकामा करावा. बीएस-६ ट्रकवरच्या, घडीच्या लांब हाताने काँक्रीट टाकणाऱ्या बूम पंपात धूर स्वच्छ करणारे युरियाचे द्रावणही असते, ते उणे ११ ला गोठते. त्याची टाकी काठोकाठ भरू नये. उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपास गोठून फुटते, पूर्ण चार्ज असलेली तिथल्या कुठल्याही थंडीत गोठत नाही. आणि बूम प्लेसर बाहेर काढण्याआधी पुस्तिकेतली किमान तापमानाची मर्यादा पाहावी. अनेक पुस्तिकांत ती उणे १५ च्या आसपास आहे, कारण त्याखाली बूमचे पोलाद ठिसूळपणाकडे झुकते. गोठलेल्या मातीवर आउटरिगर (पंपाचा आधाराचा पाय) टेकवला तर दुपारी ती माती मऊ होते, हेही ध्यानात असावे.

लाइन भरताना थंड लोखंडावर सरळ स्लरी (सिमेंट-पाण्याचे पातळ मिश्रण) सोडली तर आतून बर्फाची पातळ साल धरते आणि पहिलेच काँक्रीट तिच्यावर अडते. आधी गरम पाणी फिरवून लाइन कोमट करावी, ते पूर्ण काढावे, मग कोमट पाण्याची स्लरी, मग काँक्रीट. आपल्याकडे मे महिन्यात लाइनवर गोणपाट टाकून ते ओले करतात. तिकडे तेच गोणपाट कोरडे लागते आणि त्यावर प्लास्टिक, कारण ओले गोणपाट लाइन आणखी गार करते. काम थांबले तर दर पाच-सात मिनिटांनी दोन स्ट्रोक रिव्हर्स, दोन पुढे. मिक्सिंगचे पाणी तापवताना ते ६० अंशांच्या वर गेले असेल तर आधी खडी-वाळूत सोडावे, सिमेंट नंतर. नाहीतर काँक्रीट ट्रान्झिट मिक्सरमध्येच आवळते आणि दोष पंपावर येतो.

हे सगळे रोज करायचे तर संध्याकाळी साधारण तासभर आणि सकाळी तास-दीड तास जातो, शिवाय गरम पाणी, ब्लोअरचे डिझेल आणि दोन जादा माणसे. ठेकेदार पंप घनमीटरच्या दराने घेतात आणि या वेळेचे पैसे कोणी देत नाही, म्हणून ऑपरेटर ते टाळतो. आमच्या मते खरे कारण हेच आहे. अज्ञान त्याच्या मागून येते. निविदेत ‘हिवाळी देखभाल’ अशी वेगळी बाब दिवसाच्या दराने धरली तर एका रॉडच्या किमतीत कितीतरी दिवसांचा खर्च निघेल. निर्मात्यांनाही एक विनंती आहे. पुत्झमायस्टरचा कारखाना तर गोव्यातच, वेर्ण्याला आहे. पाणी कुठून कुठून काढायचे याचे चित्र मराठी आणि हिंदीत छापून कंट्रोल पॅनेलच्या झाकणाच्या आतून चिकटवायला कितीसा खर्च येतो?

आणि जो पंप मार्चनंतर खाली येऊन विदर्भात किंवा मराठवाड्यात लागणार असेल, त्याचे ३२ नंबरचे तेल आणि पातळ ग्रीस निघण्याआधीच बदलावे. ४५ अंशांच्या उन्हात ते तेल पाण्यासारखे पातळ होते, दाब धरत नाही, आणि ऑपरेटर पंप खराब झाला म्हणून तो खोलून बसतो. कूलंट मात्र तसाच ठेवायला हरकत नाही.

आपले,
काँक्रीट पंपांच्या देखभाल-दुरुस्तीत काम करणारे काही वाचक, पुणे